नीवेसच्या नाकावरच्या खुणा

मी एक जुना चष्मा आहे, आणि स्वभावाने भित्रा आहे. काचेच्या जिवाला तडा जायची धास्ती असतेच, मित्रांनो. पण माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी काळजी माझी नव्हती. ती नीवेस नावाच्या एका मुलीची होती.

माझी भिंगं डोंगरातल्या एका कारखान्यात घासली गेली. मध्ये फुगीर, कडेला पातळ. व्हेनिसजवळच्या बुरानो बेटावरच्या ओर्सोला आजीच्या नाकावर मी बसलो आणि तिथेच रमलो. आजी सुईने लेस विणायची. तुमच्या डोळ्यांतही एक मऊ भिंग असतं. ते बाहेरचा उजेड वळवून डोळ्याच्या मागच्या पडद्यावर नेमका गोळा करतं, तेव्हा दिसतं. वय झालं की ते भिंग कडक होतं. मग जवळच्या वस्तूचा उजेड पडद्यापर्यंत येतो तरी एकत्र जुळत नाही. तो जुळायला पडद्याच्याही मागे जागा लागते. मी तो आधीच थोडा वळवून द्यायचो. आजी म्हणायची, "सुई माझी, डोळे याचे." मला फार बरं वाटायचं.

आजी गेली. तिची सुई, लेस विणताना मांडीवर घ्यायची उशी आणि मी एकाच पेटीत पडून राहिलो. बायका एकत्र बसून विणायच्या, त्या क्लेलियाबाईंच्या लेसच्या खोलीतली तिची जागा मात्र नातीला, नीवेसला, मिळाली. पोरीचा हात आजीचाच होता. मला कोणी बाहेर काढलं नाही, कारण तिला जवळचं स्वच्छ दिसायचं.

घोटाळा एका रंगाने केला. बुरानोत माणसं घर ओळखतात ते भिंतीच्या रंगावरून. त्या वसंतात दोन दारं सोडून राहणाऱ्या अत्तीलिओने आपलं घर हिरवं रंगवलं, थेट नीवेसच्या घरासारखं. संध्याकाळी नीवेस त्याच्या घरात शिरली, खुंटीवर शाल अडकवली आणि खुर्ची ओढून बसली.

"राहायलाच आलीस की काय गं?" अत्तीलिओची बायको अमाबिले म्हणाली. "बस मग. मक्याच्या पिठाचा पोलेंटा ढवळायला हात हवाच होता मला."

गल्लीभर हसू पिकलं. नीवेसची आई एल्सा तेवढी हसली नाही. एल्साची थोरली बहीण डोळ्यांच्या दुखण्याने आंधळी झाली होती. तिने पेटी उघडली आणि मला पोरीच्या हातात दिलं.

"घाल. आजीचा आहे. सुई चालली तुला, उशी चालली, हा का नाही चालणार?"

आजीचं सगळं नातीला लाभतं, असं तिथल्या बायका धरूनच चालतात. मी नाकावर चढलो आणि माझी गाळण उडाली. नीवेसचा डोळा जरा लांबट होता. लांबच्या वस्तूचा उजेड तिच्या पडद्याच्या अलीकडेच गोळा व्हायचा. तो मागे ढकलायचा, तर मी आणखी पुढे ओढत होतो. माझ्यामुळे तिला समोरचा पूलही दिसेना. लेस विणायला तिला नाक सुईला टेकवावं लागे. रोज डोकं दुखायचं. मला ओरडून सांगावंसं वाटे, "पोरी, काढ मला!" पण चष्म्याला तोंड नसतं.

"मावशीवर गेली," बायका कुजबुजू लागल्या.

एका शनिवारी दुपारी दारात बसून एल्साने तयार लेस खालच्या नक्षीच्या कागदावरून सोडवली आणि नव्या कामाची सुई नीवेसपुढे धरली. "ओव गं. माझी बोटं गारठलीत." भर जूनमध्येही तिची बोटं गारठलेलीच असत. मग खाली बघत म्हणाली, "सोमवारी मी क्लेलियाबाईंना सांगून येते. जागा सोड. उरलेत तेवढे डोळे तरी राहू देत."

"मग मी करू काय, आई? मला दुसरं येतं काय?"

नीवेसने डोळे पुसायला मला काढून उंबऱ्यावर ठेवलं. लेसखालचा रिकामा कागद उचलला आणि कुठे दोरा अडकलाय का, हे बघायला डोळ्याजवळ उजेडात धरला. सुईच्या भोकांनी त्याची चाळण झाली होती. एका भोकातून पलीकडे बघताना ती थबकली.

"आई, त्याने एक पाय पोटाशी घेतलाय."

"कोणी?"

"समुद्रपक्ष्याने. तिकडे लांब, चर्चच्या कलत्या मनोऱ्यावर, क्रूसावर बसलाय तो."

एल्सा उठून उभी राहिली. बारीक भोकातून उजेडाची एक अरुंद रेघच आत जाते, तिला पसरायला वाव नसतो, म्हणून पडद्यावर चित्र स्पष्ट उमटतं. एल्साला हे कुठलं ठाऊक? पण आंधळ्या होत चाललेल्या डोळ्याला पक्ष्याचा पाय दिसत नाही, एवढं तिला कळलं. सोमवारी ती क्लेलियाबाईंकडे गेली नाही. लेकीला घेऊन व्हेनिसच्या बोटीत बसली. मी तिच्या पिशवीत होतो आणि आता काय ऐकावं लागणार म्हणून काड्या मिटून बसलो होतो.

तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी नीवेसचे डोळे तपासले. "डोळे ठणठणीत आहेत. मध्ये खोलगट भिंग हवं, उजेड जरा पसरवून मागे नेणारं. हा म्हाताऱ्या डोळ्यांचा चष्मा हिला कोणी दिला?"

"मीच," एल्सा म्हणाली.

डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद तिने हात लांब करून धरला होता. ते पाहत राहिले. मग त्यांनी तिलाही खुर्चीत बसवलं, बरीच भिंगं लावून पाहिली आणि शेवटी मला उचललं. "याचा नंबर तुम्हाला जुळतो, बाई. सुई ओवताना तुमचीही बोटं गारठतात का हो? इथे येणाऱ्या सगळ्या बायका असंच सांगतात."

नीवेसला हसू फुटलं. एल्सा लाजली आणि तिने मला डोळ्यांवर चढवलं.

मित्रांनो, दुसऱ्याचा चष्मा कितीही मायेने दिलेला असो, आपले डोळे तपासल्याशिवाय घालू नका. दिसत नसेल तर लपवू नका. मला बोलता येत नाही, तुम्हाला येतं.

माझ्यातून एल्साने आधी लेकीचा चेहरा पाहिला. कित्येक वर्षांत तिने तो इतक्या जवळून, इतका स्वच्छ पाहिला नव्हता. नीवेसच्या नाकावर मी पाडलेल्या दोन लाल खुणा होत्या. एल्साने त्यांवरून हळूच अंगठा फिरवला.

"दुखत होतं, तर सांगायचं नाही का गं?"

"तू तरी कुठे सांगितलंस?"