गाळलेलं अकरावं प्रकरण

मी एक बोलतं पुस्तक. दिसायला साधी तबकडी. वाचनालयाच्या जिन्याखालच्या कपाटात माझा मुक्काम असतो. कपाटावर 'दृष्टिहीनांसाठी विशेष सोय' अशी सुबक अक्षरांतली पाटी आहे. ती वाचून डोळस लोकांना फार बरं वाटतं.

माझा जन्म एका निवृत्त मुख्याध्यापिकेच्या तोंडून झाला. वाचनालयाने त्यांच्या हाती एक कादंबरी दिली आणि ध्वनिमुद्रणाच्या खोलीत बसवलं. बाईंचे उच्चार स्वच्छ, विराम जागच्या जागी. दहावं प्रकरण संपलं. त्यात नायिका विसरलेली छत्री द्यायला एका परपुरुषाच्या खोलीवर जाते. अकराव्याचं पहिलंच वाक्य होतं, 'तिने दार आतून लावून घेतलं.'

बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि बारावं उघडलं. ऐकणारी माणसं बिचारी, त्यांना कशाला असलं काही, असं त्या यंत्र चालवणाऱ्याला म्हणाल्या. त्याने मान डोलावली. त्याला घरी जायचं होतं.

असं अर्धवटच मी वर्षानुवर्षं घरोघरी गेलं. बोलून बोलून दमलं. मला ऐकताना कुणी भाजी निवडली, कुणी घोरलं. छत्री द्यायला गेलेली नायिका बाराव्यात एकदम नवऱ्याचं घर सोडते, याचं कुणालाच काही वाटलं नाही. पुस्तकातली माणसं अशीच वागतात, अशी त्यांनी समजूत करून घेतली असावी.

मग मला एका निवृत्त परिचारिकेने नेलं. आजारपणात तिची नजर गेली होती. सगळे तिला सिस्टर म्हणत. दहावं संपून बारावं सुरू होतं तो सांधा तिने पुन्हा पुन्हा ऐकला आणि मला पिशवीत घालून, काठी टेकत वाचनालय गाठलं. मधलं प्रकरण मला हवंय, म्हणाली.

"आजवर कुणाची तक्रार नाही," ग्रंथपाल म्हणाले.

"येईल कशी? काय गाळलंय ते कळायला पुस्तक वाचता यायला हवं ना."

बाईंना बोलावणं गेलं. तुम्हाला संकोच वाटू नये म्हणून गाळलं, असं त्यांनी समजावलं.

"बाई, माझा जन्म लोकांचे कपडे बदलण्यात गेलाय. संकोच नक्की कुणाला वाटला?"

बाईंनी कादंबरी मागवली. यंत्र मात्र बंद ठेवायला लावलं आणि खालच्या आवाजात वाचू लागल्या. दार लावून नायिका जमिनीवर बसते आणि पोटभर रडते. तो माणूस चहा ठेवतो, काही विचारत नाही. बस, एवढंच. वाचता वाचता बाई अडखळल्या. त्याही ते पहिल्यांदाच वाचत होत्या.

सिस्टरने काठी मांडीवर आडवी ठेवली. मग म्हणाली, "आता कळलं, ती घर का सोडते."

"मलाही," बाई म्हणाल्या.

प्रकरण भरून घेण्यासाठी ग्रंथपालांनी वर विचारणा केली आहे. वरून अजून काही आलेलं नाही. दरम्यान बाईंचा आवाज बसला.

मी तिथेच टेबलावर होतं, सगळं ऐकलं. पण माझ्यात भरलंय तेवढंच मला ऐकवता येतं. तुम्हाला दिसत असेल आणि कुणी कान देऊन तुमच्यासमोर बसलं असेल, तर त्याला काय झेपेल ते तुम्ही ठरवू नका. सगळं वाचा.

आता जरा पडू द्या मला. उद्या कुणीतरी न्यायला येणार आहे, आणि मला त्यालाही दहाव्यावरून थेट बाराव्यावरच न्यायचं आहे.