सुनेत्राची रेघ

"गणपत, तुझा विश्वास बसणार नाही. कुणाचाच बसणार नाही," म्हणत रामदासने चौथं प्रूफ टेबलावर पसरलं आणि कडा वळू नयेत म्हणून त्यावर स्टेपलर ठेवला.

रामदासच्या थापा अख्ख्या लालबागला पाठ होत्या. गणपत स्टुलावर टेकला. या डीटीपीच्या दुकानाचा जिना चढून आज पुन्हा धाप लागली होती. रविवारी दादरच्या हॉलवर कुळाचं संमेलन. त्यासाठी वंशावळ छापायची, आणि सर्वांत थोरला म्हणून मंजुरीची सही त्याची. दोनशे बारा माणसं, दोनशे बारा चौकोन. कोण कुणाचं मूल एवढं यादीत भरलं की रामदासने लिहिलेला प्रोग्राम आपसूक रेघा जोडायचा. चौकोन कुठेही सरकवा, रेघ दोन्ही टोकं धरून मागोमाग यायची.

गणपतचं बोट स्वतःच्या चौकोनावरून खाली घसरत लेकीपाशी, सुनेत्रापाशी थांबलं.

"ही परत आहेच?"

"तेच तर सांगतोय! तू म्हणालास म्हणून पोरीला यादीतून काढलं, रेघ पुसली. प्रोग्राम चालवला, तर रेघ हजर! तीनदा पुसली रे. काटा आला अंगावर."

"दमलोय मी, रामदास. काढ आणि छापायला दे."

सुनेत्राने माझगावच्या राजरत्नशी लग्न केलं, त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून गणपतच्या घरात तिचं नाव निघत नव्हतं.

"काढतो की. पण पुढचं ऐक. काल तिच्या शेजारी जावयाचा चौकोन उगवला. आज सकाळी बघतो तर खाली आणखी एक, छोटा. मी हात लावलेला नाही, आईशपथ. कॉम्प्युटरलाच कुठून तरी कळलं. नावसुद्धा त्यानेच टाकलंय बघ, श्रेया."

गणपतने पाण्याची बाटली उघडली आणि न पिताच बंद केली. चष्मा कपाळावर चढवून तो कागदावर वाकला. मग रामदासच्या खिशातलं पेन त्याने स्वतःच काढून घेतलं.

"थापाड्या," तो म्हणाला. "कॉम्प्युटरला कळलं असतं तर चुकलं नसतं."

छोट्या चौकोनातलं नाव त्याने सावकाश खोडलं.

"संघमित्रा. यंदा दुसरीला गेली."