सातपाटीला गेलेलं ग्राफिक्स कार्ड

मी ग्राफिक्स कार्ड बोलतोय. बोईसरला मेहुलभाईच्या कॉम्प्युटरच्या दुकानात, मागच्या खोलीत पडल्या पडल्या बोलतोय. गेमिंग कॉम्प्युटरच्या पडद्यावर जे काही पळतं, उडतं, फुटतं, ते सगळं मी दाखवतो. बाकीचे पार्ट नुसते सोबतीला असतात. हे मी गर्वाने सांगत नाही. तसं वाटत असेल तर माझा नाइलाज आहे.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला. तिथे सगळी कामं यंत्रं करायची. माणसाचा हात पहिल्यांदा लागला तो बोईसरला, आणि तोही वडापाव खाल्लेला. दुकानात मला काचेच्या कपाटात वरच्या फळीवर बसवलं होतं. तिथून मी गिऱ्हाईक नावाचा प्राणी फार जवळून पाहिला. एमआयडीसीतली शिफ्ट सुटली की पोरं येत. "भैया, वो उपरवाला दिखाना." मला खाली काढत, उलटासुलटा करत, खोक्याचा फोटो घेत, मेहुलभाईचं डोकं खात आणि "घरी विचारून सांगतो" म्हणून निघून जात. घरी कसलं विचारतात? दुकानाच्या पायरीवर उभं राहूनच ऑनलाइन मागवत. मग तेच खोकं घेऊन परत मेहुलभाईकडे, "जरा बसवून द्या ना, तुमचा हात चांगला आहे." मेहुलभाई गोड हसायचा. त्या हसण्याचा अर्थ मला ठाऊक आहे, पण इथे लिहिता येणार नाही.

अशात एक दिवस प्रियंका आली. सातपाटीची. वडील बोटीवर, आई काशीबाई मासे विकते. कॉम्प्युटर गेम खेळणाऱ्या मुलींच्या एका टीमला नवीन खेळाडू हवी होती आणि शेजाऱ्याच्या रडक्या मशीनवर खेळून ही पोरगी निवडीच्या शेवटच्या सामन्यापर्यंत पोचली होती. सामना रविवारी दुपारी, घरूनच खेळायचा. घरात ठरलं होतं, निवड झाली तर वर्षभर खेळ, नाही झाली तर तारापूरच्या कंपनीत नोकरी, ती पण कुरकुर न करता. पापलेटच्या हंगामात बाजूला ठेवलेलं सगळं काशीबाईने लेकीच्या हातावर ठेवलं होतं. या खेळात नक्की काय करतात, हे तिने एकदाही विचारलं नव्हतं.

पार्ट निवडायचं काम प्रियंकाने एवढं मनावर घेतलं होतं की लोक सून निवडतानासुद्धा घेत नाहीत. व्हिडिओवाले गुरू होते. एक म्हणे मुंबईला जा, दुसरा म्हणे मुंबईत फसवतात, तिसरा म्हणे सेल येईपर्यंत थांब. सेल आला की तोच म्हणे, पुढच्या सेलला थांब. शिवाय चुलतभाऊ धीरज होता. त्याचा स्वतःचा लॅपटॉप दिवाळीपासून बंद आहे, त्यामुळे सल्ला द्यायला त्याला भरपूर वेळ असतो.

प्रियंकाने मला मात्र बरोबर निवडलं. पोरीला नजर आहे. घोटाळा झाला तो आम्ही सगळे पार्ट ज्यात बसतो त्या कॅबिनेटपाशी.

"बेन, हा कार्ड तापतो," मेहुलभाई म्हणाला. "जाळीवाला कॅबिनेट घ्या. हवा पाहिजे याला."

"जाळीवाला कसा दिसतो बघ," धीरज म्हणाला. "कोंबड्यांचा खुराडा. तो काचवाला घे, लाइट बघ त्याचे."

प्रियंकाने लाइट बघितले, आणि मग जाळीचं नाव निघालं नाही. मेहुलभाईकडे काचवाला नव्हता, म्हणून तो ऑनलाइन मागवला. तीन बाजूंनी काच, लाल-निळे दिवे, आणि हवेच्या नावाने शिमगा. मला त्यात बसवलं. आख्खा वाडा बघायला आला. सगळे दिव्यांचं कौतुक करत होते. माझ्याकडे बोट दाखवून एका बाईने विचारलं, "आनि यो काळा डबा कशाला हाय?" मी मनाशी म्हटलं, आपली पायरी ओळखून राहावं.

खेळ सुरू झाला की मी तापायचो. भट्टीच व्हायची. थोडा वेळ ओढायचो आणि मग पडदा काळा. सामना तोंडावर आला आणि प्रियंकाच्या तोंडचं पाणी पळालं. जाळीवाला मागवायला आता वेळ नव्हता. शेवटी तिने कॅबिनेटची एक काच काढली, कॅबिनेट टेबलाखाली ठेवलं आणि समोर घरातला टेबलफॅन लावला. जरा बरं वाटलं मला. पंख्याबरोबर समुद्राचा खारा वारा येत होता, तोही मी गोड मानून घेतला.

शनिवारी काशीबाईने विचारलं, "आता काय झाला? जेवत का नाय?"

"मशीन तापतो, आई. उद्या मधीच बंद पडला तर सगळा गेला."

काशीबाईने ते ऐकून ठेवलं. जन्मभर एकच गोष्ट तिने सांभाळली होती. माल गरम झाला की वाया जातो, आणि त्यावर उपाय एकच.

रविवारी सामना रंगात आला होता. प्रियंकाच्या कानांवर हेडफोन, डोळे पडद्यात. काय खेळत होती ती! समोरची टीम कोपऱ्यात सापडली होती आणि मी जीव तोडून साथ देत होतो. तेवढ्यात काशीबाई पाय न वाजवता आत आली. बाजाराला निघायची तयारी झालेली, हातात थर्माकोलची पेटी, पेटीत काठोकाठ कुटलेला बर्फ. पेटी सकाळच्याच मासळीची. लेकीला त्रास नको म्हणून ती टेबलाखाली वाकली, पंखा आणि मी यांच्यामध्ये पेटी उघडी ठेवली, पंख्याचं बटण फुल केलं आणि माझ्यावरून असा हात फिरवला जसा तापातल्या पोरावरून फिरवतात. मला आजपर्यंत कोणी तसा हात लावला नव्हता. मग ती टोपली घेऊन बाजाराला गेली.

पहिल्यांदा फार गार वाटलं. प्रियंकाच्याही पायांना गारवा लागला, तिने पाय जरा पुढे घेतले. मग बर्फ वितळायला लागला आणि पंख्याने ते खारट, मासळीचं पाणी माझ्या अंगावर उडवायला सुरुवात केली. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो. सामना संपायला थोडाच वेळ होता. एक ठिणगी उडाली, पडदा काळा झाला आणि मी संपलो.

प्रियंका टेबलाखाली वाकली. पेटी बघितली. नंतर तिने पेटीतलं पाणी मोरीत ओतलं, फरशी पुसली, काच परत लावली आणि तोंड धुतलं.

संध्याकाळी काशीबाई आली ती दारातूनच विचारत आली. "जिंकली काय गो?"

"नाय, आई. मधीच नेट गेला."

काशीबाईने नेटवाल्यांचा जो उद्धार केला तो ऐकून मला मेल्यावरही लाज वाटली. मग आवाज उतरवून तिने विचारलं, "आनि मशीन? तापला काय?"

"नाय," प्रियंका म्हणाली. "एकदम थंड होता."

"बग," काशीबाई म्हणाली. दिवसभरात पहिल्यांदा ती हसली.

प्रियंकाने मला दुकानात आणलं. मेहुलभाईने उघडून पाहिलं, चिमट्याने आतून एक खवला काढला आणि नाक मुरडलं. "पाण्याने गेलेल्याला वॉरंटी नाय, बेन. झालं काय?"

"माज्या हातून पानी सांडला."

"पाण्यात खवले?"

"सातपाटी हाय," ती म्हणाली. "असतात."

मेहुलभाईने तो खवला कागदात गुंडाळून टाकून दिला.

आता ती तारापूरला कंपनीत जाते. परवा येता येता दुकानात डोकावली. दुसरं कार्ड बसवू का, असं मेहुलभाईने विचारलं तर म्हणाली, "वेळ कुठे असतो? रविवारी नुसती गाणी लावते मशीनवर. गाण्यांना कार्ड लागत नाय." मग जरा थांबून म्हणाली, "आई अजून बर्फ आणून ठेवते समोर. मी पंखा बंद करते आणि पाय पेटीवर ठेवून बसते."

माझं मागणं काही मोठं नाही. मला दुरुस्त करा असं मी म्हणत नाही, ते आता होणार नाही. तुम्ही कधी सातपाटीच्या बाजारात गेलात तर काशीबाईकडून मासे घ्या. ती तुम्हाला सांगेल, सगळ्यांनाच सांगते, पोरीचा सामना नेटने घालवला, पण मशीन मी तापू दिला नाही. तुम्ही शिकलेले आहात, तुम्हाला लगेच काहीतरी समजावून सांगावंसं वाटेल. कृपा करा, त्या दिवशी गप्प बसा. हो म्हणा आणि घरी जा.