बोटाऐवजी बूच

मी एक जुने बूच आहे, मित्रांनो. अंगठ्याच्या पेराएवढा माझा जीव. पोटात विणकामाच्या सुईचा तुकडा खुपसलेला आणि अंगाला चहाचा डाग, जो आता जन्मात निघणार नाही. बघून नाक मुरडू नका. नाक मुरडणाऱ्या माणसांमुळेच माझी ही गोष्ट घडली आणि त्यांच्याबद्दल माझे मत काही फारसे चांगले नाही.

कुठल्याशा झाडाच्या सालीतून मला कापून काढले आणि एका मधाच्या बाटलीच्या तोंडात कोंबले. मध महागाचा, बाटली देखणी, तिच्या गळ्यात सोनेरी दोरा. कौतुक सगळे तिचे. मी नसतो तर मुंग्यांनी तिची काय दशा केली असती, याचा विचार कुणी केला नाही. मध संपला तेव्हा बाटली धुऊन खिडकीत मिरवायला बसली आणि माझी रवानगी स्वयंपाकघरातल्या खणात झाली. तिथे विणकामाच्या तुटक्या सुया होत्या, वाकलेले चमचे होते आणि कशाचे ते कुणालाच माहीत नसलेले स्क्रू होते.

त्या घरात भाऊ-वहिनी, त्यांचा इंजिनियर मुलगा आणि आत्या राहत. आत्यांना जन्मापासून दिसत नव्हते. तेहतीस वर्षे त्यांनी एका मोठ्या इस्पितळाचा टेलिफोन बोर्ड सांभाळला होता. पलीकडचा डॉक्टर जेवलेला आहे की उपाशी, हे त्या त्याच्या 'हॅलो'वरून सांगत. निवृत्त झाल्यावर त्यांचा विरंगुळा एकच उरला होता. वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई रोज चार वाजता खाली येत, पेपर मोठ्याने वाचत आणि आत्या त्यांना आपल्या हाताने चहा देत. दोघी मिळून साऱ्या जगाला नावे ठेवत. आत्यांचा सगळा दिवस त्या चार वाजण्यासाठी असे.

आता कप भरला हे आत्यांना कसे कळायचे? कपाच्या कडेवरून एक बोट आत वाकवून धरायचे आणि चहा बोटाला लागला की थांबायचे. एके दिवशी मास्तरीणबाईंनी पेपरातून डोके वर काढले आणि ते बोट पाहिले. त्या काही बोलल्या नाहीत. शिकलेली माणसे बोलत नाहीत, त्यांना पित्त होते. "आज जरा पित्त झालंय," म्हणत त्यांनी कप बशीत ठेवला आणि त्या गेल्या. रिकामा कप बशीवर टणकन वाजतो, भरलेला ठप्पकन बसतो. आत्यांनी ते ठप्प ऐकले. दुसऱ्या दिवशी चार वाजले, पण जिन्यावर पावले वाजली नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत.

वहिनींना सुगावा लागायला कितीसा वेळ? "वन्सं, यापुढे चहा मी ओतत जाईन. लोकांना किळस येते," असे सांगून त्यांनी किटली वरच्या फळीवर चढवली. याच वहिनी भाजीची चव बघायला एकच चमचा तीनदा चाटायच्या आणि तोच परत पातेल्यात बुडवायच्या. मी खणाच्या फटीतून रोज पाहत होतो. पण चमचा डोळस माणसाचा होता, म्हणून तो स्वच्छ. आत्या मात्र चार वाजता घडी न मोडलेला पेपर मांडीवर घेऊन बसू लागल्या. त्यांना फार वाईट वाटत होते आणि ते सांगायलाही कुणी नव्हते.

मग भाचा सरसावला. "आत्या, मी करतो काहीतरी," म्हणाला आणि त्याने खोलीचे दार लावून घेतले. तीन आठवडे दार बंद. आत्या भिंतीपलीकडे बसलेल्या, पण त्यांना एक शब्द विचारावा असे काही त्याला सुचले नाही. शेवटी एक पेटी बाहेर आली. तिला दोन वायरी, आत बॅटरी, वर काच. वायरी कपात सोडायच्या. कप भरला की पेटीवर लाल दिवा लागायचा. घरच्यांनी टाळ्या वाजवल्या. आत्यांनी शांतपणे विचारले, "आणि दिवा लागला हे मला कोण सांगणार?"

मित्रांनो, बुचांना हसता येत असते तर मी खणासकट खाली आलो असतो.

मग दिव्याच्या जागी शिट्टी आली. ती वाफेनेच वाजायची. कप कोरडा ठणठणीत आणि पेटीचा आकांत! बॅटरी संपत आली की कळावे म्हणून हुशार भाच्याने पुन्हा एक दिवा बसवला, या वेळी हिरवा. ही पेटी त्याच्या कंपनीच्या स्पर्धेत दुसरी आली. परीक्षक पाच होते आणि त्यांचे दहाही डोळे शाबूत होते. चषक दिवाणखान्यात विराजमान झाला, पेटी कपाटात गेली आणि किटली फळीवरच राहिली.

काही दिवसांनी न्हाणीघरातली टाकी वाहू लागली म्हणून प्लंबर आला. घरात आत्या एकट्याच होत्या. त्यांनी चवड्यांवर उभे राहून किटली काढली, त्याच्यासाठी चहा ओतला आणि आधीच सांगून टाकले, "कपात बोट घातलंय हं. नको असेल तर राहू द्या."

प्लंबर चहा प्यायला. मग विचारले, "बोट भाजत नाही का, बाई?"

आत्यांनी बोट पदराला पुसले. "भाजतं की," त्या म्हणाल्या. एवढ्या वर्षांत हे त्यांना कुणी विचारले नव्हते. त्या बोटाचे टोक भाजून भाजून गुळगुळीत झाले होते. सगळ्यांना काळजी कपाची. ज्याचे जळते त्यालाच कळते म्हणतात ते काही खोटे नाही.

मग आत्यांनीच त्याला विचारले, टाकी भरली हे टाकीला कसे कळते? त्याने त्यांचा हात टाकीत धरला. पाणी चढले तसा आतला पोकळ गोळा वर आला, त्याने दांडी उचलली आणि पाणी थांबले. आत्यांनी हात बराच वेळ बाहेर काढला नाही.

"कपात मावेल एवढा गोळा मिळतो का हो?"

"तसा नाही मिळत. पण तरंगणारं काहीही चालेल."

झाले, खण उघडला. आत्यांनी भांड्यात पाणी घेऊन खणातली एकेक वस्तू टाकून पाहिली. चमचा बुडाला, स्क्रू बुडाले. मी तरंगलो. यात माझी थोरवी काहीच नाही. बाकीचे नालायक होते, एवढेच. मला तीनदा उकळले, अर्धे कापले, पोटात सुई खुपसली आणि कपात सोडले. मी आडवा झालो. प्लंबरने पिशवीतली तांब्याची तार वाकवली. तिचे एक टोक कपाच्या कडेला अडकवायचे, दुसऱ्या टोकाला छोटे कडे. सुई उपसून त्या कड्यातून खाली सोडली, मला पुन्हा तिच्या टोकाला खोचले, तिची गोल टोपी वर राहिली आणि मी कपात लोंबू लागलो. पण सुई लांब होती, त्यामुळे अर्ध्या कपालाच टोपी उचलली गेली. "हा तर पाहुण्याला हाकलायचा कप झाला," आत्या म्हणाल्या आणि त्यांनी सुई मोडून आखूड केली. तिसऱ्या खेपेला पाणी काठाजवळ आले, मी वर उचललो गेलो आणि सुईच्या टोपीने आत्यांच्या बोटाला हलकेच ढुशी दिली. बोट कोरडेच होते. आत्यांनी सात वेळा पाणी ओतले आणि सातही वेळा त्या वेळेवर थांबल्या.

दुसऱ्या दिवशी कठड्याला धरून त्या स्वतः जिना चढल्या आणि मास्तरीणबाईंना म्हणाल्या, "चहा ठेवलाय. कपात बोट घालणार नाही."

मास्तरीणबाई आल्या, खाली मान घालून. वहिनी हाताची घडी घालून दारात उभ्या राहिल्या. भाच्याने मला निरखून पाहिले आणि म्हणाला, "यात काय आहे? नुसतं बूच तर आहे." हो बाबा, नुसते बूच. तुझी पेटी कपाटात आहे आणि मी कपात आहे.

आत्यांनी चहा ओतला आणि हात मांडीवर घेऊन त्या ऐकत बसल्या. मग बशीवर कप वाजला, टणकन.

"त्या दिवशी तुम्हाला कळलं होतं?" मास्तरीणबाईंनी हळूच विचारले.

"ऐकू आलं होतं."

मास्तरीणबाईंनी आत्यांचे ते बोट हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले. त्या गुळगुळीत टोकावरून अंगठा फिरवत त्या म्हणाल्या, "हे भाजत होतं?"

आत्यांनी बोट सोडवून घेतले. "पेपर वाचा," त्या म्हणाल्या.

तर मित्रांनो, मला जपा, अशी विनवणी मी करणार नाही. मी झिजेन तेव्हा कुणीतरी मध खाईल आणि दुसरे बूच मिळेल. पण उद्या तुम्ही कुणासाठी काही नवे करायला निघालात, तर खोलीचे दार लावून घेण्याआधी त्या माणसाला एवढेच विचारा, की बाबा, तुझे बोट भाजते का? आणि तेही जमणार नसेल, तर खुशाल पेटी करा. तुम्हाला चषक नक्की मिळेल.