दोन तुकड्यांची वाटी

मी गुडघ्याची वाटी बोलतेय, उजव्या गुडघ्याची. माझा मालक फरशी बसवणारा मिस्त्री, म्हणजे माझं सगळं आयुष्य टेकण्यात गेलेलं!

लहानपणी इतरांच्या वाटीचे तुकडे जुळून एकजीव होतात. माझा वरच्या कोपऱ्यातला छोटा तुकडा मात्र वेगळाच राहिला. असं क्वचितच होतं. भांडण नाही हं! मी नि ती छोटी, आम्ही दोघी गुण्यागोविंदानं एकमेकींना चिकटून होतो, मिस्त्रीला पत्ताही नव्हता.

त्यानं दुनियेच्या फरशा चकाचक केल्या, पण स्वतःच्या घरात नुसतं सिमेंट. "दिव्याखाली अंधार!" बायको म्हणायची. शेवटी एकदाचं त्यानं घरचं काम काढलं. निम्मी खोली झाली आणि आम्हा दोघींच्या मधल्या जागेवर असा ताण आला, की मी ठणकायलाच लागले. "आई गं!" म्हणत मिस्त्रीनं तिथंच फतकल मारली.

गल्लीतल्या डॉक्टरांनी एक्स-रे बघितला. "वाटी फुटलीय. हे काम आता विसरा."

मिस्त्रीचा चेहराच उतरला. त्याला दुसरं काही येत नाही हो! 'अरे, मी जन्माची अशीच आहे,' मी आतून ओरडत होते. पण वाटीचं ऐकतो कोण?

बायकोनं त्याला हट्टानं हाडांच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, "डाव्या गुडघ्याचाही एक्स-रे काढा."

"अहो, तो तर ठणठणीत आहे!"

"असू दे. काढा."

आणि काय सांगू! डावीचेही दोन तुकडे, तोच कोपरा, तशाच गुळगुळीत कडा. "फुटलेलं काही नाही, जन्मजात आहे," बाई हसल्या. "टेकून टेकून उजवी दुखावलीय. विश्रांती घ्या, व्यायाम करा. मग गुडघ्याला गादी बांधून खुशाल कामाला लागा."

"फरशीत नाही का तुम्ही मुद्दाम फट ठेवत, तडकू नये म्हणून?" बायको म्हणाली. "तशीच ही!" मिस्त्री इतका खो-खो हसला, की मीसुद्धा हलले.

मग काही महिने मी आराम केला, व्यायामाला कुरकुरले, हळूहळू शहाणी झाले.

आज घरातली शेवटची फरशी बसली. आनंदाच्या भरात बायको थेट तिच्यावरच उभी राहिली!

"अगं, ओली आहे ती!" मिस्त्री धावला, गुडघ्यांवर टेकला, कललेली फरशी ठोकून सरळ केली आणि झटकन उठला.

मग दोघं एकमेकांकडे बघतच राहिले. गादी कोपऱ्यात पडली होती आणि मी हूं की चूं केलं नव्हतं. बायकोनं डोळे पुसले. मिस्त्रीनं मला प्रेमानं थोपटलं, पहिल्यांदाच!

लाडात आले मी, खोटं कशाला बोलू? पण मिस्त्री, उद्यापासून गादी बांधायची हं!