लॉरी मागे घेताना

चौतीस सालच्या पावसाळ्यात मन्सूरचा मचवा राजिवड्याच्या खाडीकाठी झावळ्यांखाली शाकारून ठेवलेला होता, आणि मन्सूर बाबल्याशेठच्या लॉरीवरच्या आत्माराम ड्रायव्हरच्या शेजारी बसून लॉरी शिकत होता.

मन्सूर त्या मचव्यावरचा सुकाण्या. बापापासून सुकाणूचा दांडा हातात. दोन वर्षांपूर्वी अंजनवेलच्या तोंडाशी एक गलबत उलटलं, त्यात त्याच्या बायकोचा, हफीजाचा, भाऊ गेला. करीम त्याचं नाव. अंगावरचा सदराही मिळाला नाही. तेव्हापासून हफीजाचं एकच मागणं होतं, की तू दर्या सोड. जात्यावर बसली की पिठाबरोबर तेच सांडायचं:

दर्या रे दादा, माझा भाऊ तुझ्या पोटी,
आता घरधन्याची नको मागू भेटी.

मन्सूरने कबूल केलं. बाबल्याशेठ दुसरी लॉरी आणणार होता आणि लायसन मिळालं तर ती मन्सूरच्या हाती, असं शेठने तोंडाने सांगितलं होतं. मचव्याच्या तांडेलाला मात्र नारळी पुनवेपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. पुनवेनंतर मचवा पाण्यात जाणार, सुकाण्यावाचून तो जाणार कसा?

पहिल्याच दिवशी माळनाक्याच्या वळणावर मन्सूरने लॉरी गटारात घातली.

"अरे मेल्या, डावीकडं वळायचं तर चाक उजवीकडं काय फिरवतोस?" आत्माराम ओरडला.

"मचव्यात तसंच असतं, उस्ताद. डावीकडं जायचं तर दांडा उजवीकडं."

"ही लॉरी हाय. हिला जिकडं न्यायची तिकडंच हात."

"मग सोपं हाय की. दर्यातच उलटं शिकलो म्हणायचं," मन्सूर हसला, आणि दोघांनी उतरून चिखलात खांदे लावले.

हाताची खोड घालवायला मन्सूरने घरी शाळा मांडली. अंगणात पाटावर बसायचं आणि हातात रोवळीचा काठ धरायचा. हफीजा दारात उभी राहून हुकूम सोडायची.

"डावीकडं. परत डावीकडं. समोर म्हैस आली."

"म्हैस कुणाची गो?"

"शेजारच्यांची. मारलीस तर भांडण मला निस्तरायला लागंल."

आत्माराम कधी तिथे गेला तर कुडाला टेकून हसत बघायचा. हफीजा त्याला चहा द्यायची, दादा म्हणायची. "दादा, होईल ना रे तो पास?" असं दर वेळी विचारायची, आणि आत्माराम दर वेळी म्हणायचा, "न व्हायला काय झालं?"

मन्सूरचा हात महिन्याभरात बसला. बसला म्हणजे असा बसला, की आत्मारामला आवडेना. चढावर गेर बदलताना आत्मारामच्या हाताखाली लॉरी अजून कण्हायची, मन्सूरच्या हाताखाली नुसता सुस्कारा टाकायची. वाऱ्याचा कानोसा घ्यावा तसा तो इंजिनाचा घ्यायचा. "उस्ताद, तिसऱ्या सिलिंडरात काय तरी अडकतंय," असं तो एकदा म्हणाला, आणि उघडून बघितलं तर खरंच होतं.

एक दिवस बाबल्याशेठ मांडवीपासून हातखंब्यापर्यंत शेजारी बसून आला. उतरल्यावर आत्मारामला म्हणाला, "काय रे, तुला बारा वर्षं झाली. माझी कंबर आजच पहिल्यांदा दुखली नाय."

शेठ थट्टेने बोलला, आणि विसरूनही गेला असेल. आत्माराम विसरला नाही. पायात काटा मोडावा आणि वर कातडी बुजावी, तसा तो शब्द आत राहिला.

एवढंच घडलं होतं. पण त्या दिवसापासून लॉरी मागे घ्यायचं शिकवणं त्याने लांबवलं.

"उस्ताद, उलटी गाडी कधी दाखवणार?"

"उद्या."

उद्या माल असायचा, परवा पाऊस. शेवटी मन्सूरने नेट लावून विचारलं तेव्हा आत्माराम विडी पेटवत म्हणाला, "साहेब उलटी गाडी विचारत नाय. चढ विचारतो, वळण विचारतो."

हे खोटं होतं. त्याला स्वतःला पहिली तीच विचारली होती. मांजराने वाघाला सगळं शिकवलं, झाडावर चढणं तेवढं ठेवलं. ती गोष्ट त्याला लहानपणी आईने सांगितली होती आणि तेव्हा तो मांजराच्या बाजूने होता. वाघापासून मांजराला जिवाची भीती होती. आत्मारामला कसली होती? दुसरी लॉरी येणारच होती. त्याच्या पोटावर कुणी पाय देत नव्हतं.

परीक्षा पुनवेच्या आदल्या दिवशी आली. हफीजाने मन्सूरला धुतलेला सदरा दिला आणि दारापर्यंत येऊन परत गेली.

पोलिसांचा साहेब लॉरीत चढला. मन्सूरने मांडवीपासून चढ घेतला, उतारावर थांबवून दाखवली, बैलगाडीला वाट दिली. साहेब मान हलवत होता. मग मैदानाशी येऊन तो खाली उतरला. तिथे जांभ्याचा गडगा होता आणि गडग्यात लॉरीपुरती एक खिंड होती. साहेबाने हाताने दाखवलं, की उलटी घे, त्यात घाल.

मन्सूरने आत्मारामकडे बघितलं. आत्माराम गडग्यापाशी उभा होता. त्याने नजर चपलेकडे नेली.

मन्सूर मान वळवून मागे बघू लागला. समोरचा रस्ता डोळ्यांआड गेला, आणि त्याबरोबर तीन महिन्यांची लॉरीही गेली असावी. राहिला फक्त बापाने दिलेला हात. लॉरी डावीकडे जायला हवी होती. हात उजवीकडे गेला.

गडग्याचे चार-पाच दगड ढासळले. साहेब रागावला नाही. तीन महिन्यांनी ये म्हणाला, कागदावर काही तरी लिहिलं आणि गेला.

मन्सूर खाली उतरला. एकेक चिरा उचलून त्याने गडगा होता तसा रचला. शेवटचा बसवताना म्हणाला, "हाताची खोड, उस्ताद. तुमचा काय दोष?"

तेव्हा सांगायला हवं होतं. आत्मारामने तोंड उघडलंही. बाहेर आलं ते एवढंच, "तीन महिने हायत. रोज शिकवतो."

"तांडेलाला उद्या जबाब द्यायचाय. त्याला दुसरा सुकाण्या कुठला मिळणार आता?"

पुनवेनंतर चौथ्या दिवशी मन्सूरला घेऊन मचवा गेला. आत्माराम धक्क्यावर गेला नाही. दुपारी राजिवड्याला मन्सूरच्या घरी गेला. हफीजा अंगणात ऊन द्यायला पसरलेली कोकमं परतत होती, उन्हाची एक तिरीप मिळाली होती तेवढ्यात. आत्माराम उभ्या उभ्या म्हणाला, "हफीजाबाय, उलटी गाडी मी त्याला शिकवली नाय. साहेब विचारतो हे मला ठाऊक होतं."

तिचे हात थांबले.

"राहून गेलं?"

"नाय. ठेवलं."

ती त्याच्याकडे वळली. मग विचारलं, "हे त्याला सांगितलंस?"

"नाय."

"मग मला कशाला सांगतोस? मी आता त्याला काठावरून हाक मारू?"

ती उठली, आत गेली. दार लावून घेईल असं त्याला वाटलं, लावलं असतं तर बरं झालं असतं. थोड्या वेळाने ती चहा घेऊन आली आणि नेहमीच्या जागी, कुडाच्या कडेला, ठेवून परत कोकमांपाशी बसली. दादा म्हणाली नाही.

त्याने तो चहा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला.