शिजलेला मसूर

“अजून चार ग्रॅम,” काटेमामा स्वतःशीच म्हणाले आणि पळीच्या टोकावर मावेल एवढा मसूर त्यांनी वाटीत टाकला. ओट्यावरच्या छोट्या काट्यावर शंभरचा आकडा उमटला तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला. वाटीचं वजन त्यांनी आधीच वजा केलं होतं. ते विसरणाऱ्यातले ते नव्हेत.

“अहो, निवलं असेल ते सगळं,” आतल्या खोलीतून मामींचा आवाज आला.

“निवू दे. निवून वजन कमी होत नाही.”

शहराबाहेरच्या वजनकाट्यावर सत्तावीस वर्षं ट्रक मोजणारा माणूस. त्याला नावाने कोण हाक मारणार? ड्रायव्हर लोकांनी ‘काटेमामा’ केलं, आणि मग बायकोही आपोआप मामी झाली. स्वभाव सरळ, पण जीभ तिखट. चाळीस टनांच्या गाडीत वीस किलोंचा फरक आला तरी हा गृहस्थ गाडी मागे घ्यायला लावायचा. घरातही तीच तऱ्हा. लग्नाच्या चौतीस वर्षांत स्वयंपाकघरात पाणी प्यायलाच काय तो पाय पडलेला, पण मीठ किती पडलं हे पहिल्या घासाला सांगणार.

मामी बाथरूममध्ये पडल्या आणि ते सगळं उलटंपालटं झालं. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण आतला स्क्रू सरकला. ते पुन्हा करायचं तर पडून पडून कंबरेखाली जखम झालेली. सर्जन म्हणाले, “आधी ही जखम भरू दे. दोन महिने देतो. भरली तर पुन्हा ऑपरेशन करून त्यांना पायावर उभं करू. नाही भरली तर कठीण आहे.”

जखम भरायला प्रोटीन लागतं, असं आहाराच्या बाई म्हणाल्या. दवाखान्यातल्याच त्या. मामींचं वजन बेचाळीस किलो, किलोमागे दीड ग्रॅम, म्हणजे दिवसाला त्रेसष्ट. त्यांनी छापील तक्ता हातात ठेवला, कुठल्या पदार्थाच्या शंभर ग्रॅमांत किती ते सांगणारा. काटेमामांशी इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांना कळणाऱ्या भाषेत बोललं होतं. मसुरात चोवीस. दुपारी शंभर, संध्याकाळी शंभर, झाले अठ्ठेचाळीस. एका अंड्याचे सहा, पेलाभर दुधाचे सहा, पावाच्या जाड तुकड्याचे तीन. त्रेसष्ट! त्यांनी त्याच दिवशी घरगुती काटा आणला, मसूर शिजवायला शिकले, दोनदा करपवला, तिसऱ्यांदा जमला.

तेव्हापासून आजतागायत एक दिवस खाडा नाही. मामींना भूक नव्हती. शेवटचे चार घास त्या डोळे मिटून गिळायच्या. पण वाटी रिकामी व्हायची, आणि काटेमामा वहीत आकडा लिहायचे.

आज दोन महिने पुरे झाले. त्यांनी मामींना भरवलं, शेजारच्या बाईंना बसवलं, आणि रक्ताचा रिपोर्ट नि घरी ड्रेसिंगला येणाऱ्या सिस्टरने काढून दिलेला जखमेचा फोटो घेऊन दवाखाना गाठला.

सर्जनांनी फोटो पाहिला, रिपोर्ट पाहिला, पुन्हा फोटो पाहिला.

“जखम वाढलीय. रक्तातलं प्रोटीन मागच्यापेक्षाही खाली आहे. अशा अंगाला मी भूल देऊ शकत नाही.”

“मग कधी?”

“पुढे बघू.”

सत्तावीस वर्षांत काटेमामांनीही कितीतरी ड्रायव्हरांना ‘पुढे बघू’ म्हटलं होतं. त्याचा अर्थ त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. ते उठले, दार हळूच लावलं, आणि पायांच्या सवयीने आहाराच्या बाईंच्या खोलीत गेले.

“खातात ना सगळं?” बाईंनी विचारलं.

“ताटात शीत टाकत नाही ती. रोज त्रेसष्ट. एक ग्रॅम इकडे नाही, एक तिकडे नाही. वही आणलीय.”

बाई वही चाळू लागल्या. चाळता चाळता थांबल्या.

“मामा, हे मसुराचे शंभर ग्रॅम. हे मोजता कधी?”

“वाढताना.”

“म्हणजे शिजल्यावर?”

“मग? कच्चा थोडाच खाणार ती?” काटेमामा हसलेसुद्धा.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी ड्रॉवरमधून तोच तक्ता काढला आणि अगदी तळाच्या बारीक ओळीवर बोट ठेवलं. ‘सर्व आकडे कच्च्या पदार्थांचे.’

“शिजताना मसूर पाणी पितो, मामा. शंभर ग्रॅम शिजलेल्यात जेमतेम नऊ ग्रॅम प्रोटीन. म्हणजे दोन वेळचे अठरा झाले, अठ्ठेचाळीस नव्हे.”

त्रेसष्टाचे तेहेतीस. काटेमामांना हा हिशेब करायला वेळ लागला नाही. सबंध आयुष्य त्यांनी दुसरं केलं काय होतं?

“त्रेसष्ट पुरे भरले असते तरी जखम बरी झालीच असती असं नाही,” बाई घाईने म्हणाल्या. “वय आहे, बाकीही कारणं असतात. आणि मीच विचारायला हवं होतं तुम्हाला. माझी चूक आहे.”

“नाही बाई. लिहिलंय की इथं.”

ते चष्मा लावून ती ओळ पुन्हा वाचत राहिले. रडू येईल असं त्यांना वाटलं होतं, निदान छातीत काहीतरी हलेल. काही झालं नाही. दाढ काढल्यावर गाल कसा आपला वाटत नाही, तसं सगळं अंगच त्यांना परकं वाटत होतं.

दुपारची, सहापर्यंतची पाळी होती, म्हणून कामावर गेले. घरी जाऊन मामींना तोंड दाखवण्यापेक्षा ते सोपं होतं. गाड्या येत होत्या, ते आकडा वाचत होते, पावती फाडत होते. पाचच्या सुमाराला वाळूची गाडी आली. मागच्या फाळक्याच्या फटीतून पाण्याची धार लागलेली.

“पाणी निथळू दे. मग ये,” काटेमामा खिडकीतून ओरडले.

“मामा, सोडा ना! पाण्याचं असून असून वजन किती असणार?”

“मला विचारतोस? टनाला टन पाणी विकाल तुम्ही वाळू म्हणून! घे मागे!”

ड्रायव्हर कुरकुरत गाडी मागे घेऊ लागला. मग काटेमामांना कळलं आपण काय बोललो. ते स्टुलावर बसले. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला, तिच्या मागच्या गाडीने वाजवला. बराच वेळ ते त्या ओल्या चाकांच्या खुणांकडे बघत राहिले, मग उठून पुढची गाडी घेतली. सत्तावीस वर्षं ओला माल परत पाठवला या माणसाने. आणि स्वतःच्या बायकोला मात्र पाणी मोजून घातलं.

घरी पोचले तेव्हा अजून उजेड होता. शेजारच्या बाई निघून गेल्या. मामी कुशीवर होत्या, भिंतीकडे तोंड करून.

“काय म्हणाले डॉक्टर?”

काटेमामांनी स्टूल ओढलं. वाटेत जुळवलेली वाक्यं सगळी गळून गेली होती.

“ऑपरेशन नाही करत म्हणाले.”

“बरं.”

“माझ्यामुळे झालं. मी मसूर शिजवून मोजत होतो. कच्चा मोजायचा असतो. तुझ्या पोटात निम्मंच जात होतं गं.”

मामी म्हणाल्या, “माहीत आहे मला.”

“काय माहीत आहे?”

“मसूर शिजला की फुगतो ते. जन्म गेला माझा चुलीपुढे. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं तुम्हाला. आधी मोजा, मग शिजवा, म्हटलं.”

“मला? मी काय म्हणालो?”

“वजनातलं तू मला शिकवू नकोस, म्हणालात.”

काटेमामांनी आठवून पाहिलं. आठवेना. खोटं बोलणारी बाई नव्हती ती. अशी वाक्यं त्यांनी तिला इतकी ऐकवली होती की त्यातलं हे एक वेगळं लक्षात कुठून राहणार?

“मग पुन्हा का नाही सांगितलंस?”

“एकदा सांगितलं होतं ना.”

आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. असता तर काटेमामांना बरं वाटलं असतं. काहीतरी करायला हवं म्हणून ते उठले. स्वयंपाकघरातून मसुराचा डबा आणला, काटा आणला, आणि दोन्ही तिच्या उशाजवळच्या टेबलावर ठेवलं.

“किती घ्यायचा, सांग.”

मामींनी मान वळवली. एखाद्या पाहुण्याने आपल्या घरात हे विचारावं, तशा त्या नवऱ्याकडे बघत राहिल्या.

“आकडे मला नाही कळत. एका वेळेला माझी एक मूठ, त्याहून जास्त मला जायचा नाही. पन्नास ग्रॅम भरते. दुकानात मोजून पाहिलं होतं एकदा, लग्न नवीन होतं तेव्हा.”

“घाल मग तूच.”

त्यांनी डबा तिच्या हाताशी धरला. मामींनी पांघरुणातून हात काढला, डब्यात घातला, आणि बोटं एकेक करून मिटत मूठ वर काढली. वाटेत काही दाणे चादरीवर सांडले. काटेमामांनी वाटी पुढे केली, तिने मूठ उघडली. वाटी त्यांनी काट्यावर ठेवली.

“भरली ना पन्नास?” मामींनी विचारलं.

काट्यावर एकतीस दिसत होते.

“बरोबर पन्नास,” काटेमामा म्हणाले. वाटी उचलून ते स्वयंपाकघरात गेले आणि उरलेले एकोणीस त्यांनी तिथे घातले.